कॉन्कॉर्ड : अभिमान कोणाचा, खर्च कोणाचा?

कॉन्कॉर्डचा विषय निघाला की एक हळहळ हमखास ऐकू येते : हिशेबनीसांनी एका स्वप्नाचा गळा घोटला. २००३ साली हे स्वनातीत प्रवासी विमान निवृत्त झाले तेव्हापासून ही हळहळ वाढतच गेली आहे. २०२५ च्या जानेवारीत एका खाजगी अमेरिकी कंपनीच्या प्रायोगिक विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला, तेव्हा तिला पुन्हा नवा सूर सापडला. आम्हाला ही हळहळ मान्य नाही. हिशेबाने स्वप्न मारले असे म्हणण्यासाठी हिशेब कधीतरी प्रामाणिकपणे मांडलेला असावा लागतो. येथे तो मांडूच दिला गेला नाही.

२९ नोव्हेंबर १९६२ रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी केलेला करार दोन कंपन्यांमधला नव्हता, दोन राष्ट्रांमधला होता. आणि त्यात माघारीचे कलमच नव्हते. युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरू पाहणाऱ्या मॅकमिलन सरकारला फ्रान्सची मर्जी हवी होती. द गॉल यांनी जानेवारी १९६३ मध्येच ते दार बंद केले. विमान मात्र गळ्यात पडले ते पडलेच. १९६४ मध्ये विल्सन सरकारने अंग काढून घेण्याचा विचार केला, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाची आणि नुकसानभरपाईची भीती आडवी आली. आरंभीचा अंदाज सुमारे १५ ते १७ कोटी पौंडांचा. प्रत्यक्षात आकडा १०० कोटींच्या पुढे गेला.

समर्थकांच्या युक्तिवादाची तऱ्हा पाहण्याजोगी आहे. आधी नफ्याचे गाजर दाखवले गेले : जगभरच्या कंपन्यांनी खरेदीचा हक्क राखून ठेवला आहे, मग तोटा कसला? त्या यादीत दोन विमानांसाठी आपली एअर इंडियाही होती. जानेवारी १९७३ मध्ये पॅन ॲम आणि टीडब्ल्यूए यांनी माघार घेतली, १९७५ मध्ये एअर इंडियानेही नाव काढून घेतले. उरल्या त्या ब्रिटन व फ्रान्सच्या सरकारी विमान कंपन्या आणि त्यांची मिळून चौदा विमाने. मग सूर बदलला : राष्ट्राच्या अस्मितेला किंमत लावायची नसते! पुढे १९८० च्या दशकात ब्रिटिश एअरवेजने नफा दाखवताच पुन्हा नफ्याचे कौतुक सुरू झाले. पण विकासाचा सारा खर्च करदात्याने आधीच सोसला होता, आणि विमाने कंपनीला नाममात्र किमतीत मिळाली होती. विहीर गावाने खणून द्यायची आणि पाणी विकणाऱ्याने आपल्या व्यवहारचातुर्याची फुशारकी मारायची, त्यातलाच हा प्रकार. हिशेब विचारला की अभिमान पुढे करायचा, अभिमानाविषयी विचारले की हिशेब.

आणि हा अभिमान मिरवला कोणी? विमानात जागा जेमतेम शंभर, भाडे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. ज्या कामगाराच्या करातून ते उडाले, त्याच्या वाट्याला आले ते अंगणातून मान वर करून पाहणे.

सोव्हिएत संघाची कथा याहून करुण. कॉन्कॉर्डच्या आधी उडायचे म्हणून तुपोलेव-१४४ ने ३१ डिसेंबर १९६८ रोजी, वर्ष संपता संपता, उड्डाण उरकले. १९७३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात हजारोंच्या डोळ्यांदेखत त्यांतले एक कोसळले. प्रवासी सेवा सुरू झाली ती १९७७ च्या नोव्हेंबरात. अवघ्या ५५ फेऱ्यांनंतर १९७८ च्या जूनमध्ये ती थांबली. उलट अमेरिकेच्या काँग्रेसने १९७१ मध्ये मतदान करून आपल्या स्वनातीत विमानाचा निधी तोडला. त्यामुळे अमेरिकेचे नाक कापले गेल्याचे ऐकिवात नाही. कॉन्कॉर्डच्या तीनच आठवडे आधी प्रथम उडालेल्या बोइंग ७४७ ने मात्र मध्यमवर्गाला समुद्रापार नेले.

कॉन्कॉर्डचे सौंदर्य आणि अभियंत्यांची प्रतिभा आम्ही नाकारत नाही. जिथे नफाच नाही तिथे समाजाने खर्च करूच नये, असेही आमचे म्हणणे नाही. ग्रंथालये नफ्यावर चालत नाहीत. अपोलोने चंद्राची तिकिटे विकली नव्हती. पण तिथे जे करायचे होते ते उघडपणे सांगितलेले होते. यातून पैसा सुटणार नाही, तरीही आम्हाला हे हवे आहे, असे म्हणण्याचे धैर्य हवे. आणि नको वाटले तर थांबण्याची वाटही मोकळी हवी. ती वाट बुजवून टाकणाऱ्या अभिमानाला आम्ही अभिमान म्हणत नाही. तो केवळ हट्ट, आणि तोही दुसऱ्याच्या पैशाने केलेला.