पुसेना आणि दुरुस्तही होईना

वार्षिक अंकासाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात एकच विषय घोळत होता आणि तो सांगायची लाज वाटत होती. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पावसावर लिहावे, रायगडाच्या चढणीवर लिहावे, फार तर हुंड्यावर लिहावे. लॅपटॉपच्या बिघाडावर लिहू नये, असा एक अलिखित नियम आहे. पण पावसावर आपल्या अंकात दरसाल दोन-तीन लेख असतातच. तेव्हा विद्यार्थी मित्रांनी आणि गुरुजनांनी माझा हा आगाऊपणा गोड मानून घ्यावा.

माझा लॅपटॉप म्हणजे मुंबईला नोकरी करणाऱ्या मामेभावाने वापरून झाल्यावर दिलेला. आमचे गाव पोलादपूरच्या पलीकडे, घाटाच्या कुशीत. मराठीच्या प्रकल्पासाठी मी आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. जाती आता घरोघरी कोपऱ्यात पडून आहेत, म्हणून आजीला मुद्दाम जात्याशी बसवावे लागले. "रिकामं जातं फिरवू नये रे," म्हणून तिने मूठभर नाचणी घातली आणि मग दोन तास ती थांबलीच नाही. पौषात आजी गेली. प्रकल्प त्याआधीच जमा झाला होता, गुणही मिळाले होते. मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून मूळ फायली मी पुसून टाकल्या. लॅपटॉपवर आहेत ना, मग कशाला दोन ठिकाणी? हा माझा त्या वेळचा शहाणपणा.

यंदाच्या पावसाळ्यात लॅपटॉपला भुताटकी झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. एखादी फाईल पुसावी, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा, तर ती फाईल जागच्या जागी हजर! नवे काही लिहून ठेवावे, तर दुसऱ्या दिवशी ते गायब. आणि एके दिवशी तो पूर्ण चालूच होईना. मी तो एस.टी.त मांडीवर घेऊन महाडला आणला आणि बाजारपेठेतल्या एका दुकानात दिला. दुकानदार दादा भला माणूस. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हाच्या चिखलाची खूण त्यांच्या भिंतीवर अजून पुसट दिसते. ते म्हणाले, "फॉर्मॅट मारतो, नव्यासारखा होईल." मी मान डोलावली. आत काय आहे हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. दुरुस्ती म्हणजे आतले सगळे राहणार आणि दोष तेवढा जाणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

संध्याकाळी गेलो तर दादा वैतागलेले. "हा ड्राइव्ह पुसतही नाही आणि दुरुस्तही होत नाही. मेलाय. नवा टाक." मी ड्राइव्ह कागदात गुंडाळून घेतला, आणि परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फॉर्मॅट यशस्वी झाले असते तर? आजीचा आवाज वाचला तो माझ्या काळजीने नव्हे, दादांच्या कौशल्यानेही नव्हे. तो वाचला ड्राइव्हच्या हट्टाने.

पुढचे आठ दिवस मी व माझा एक विज्ञान शाखेचा मित्र या हट्टामागे लागलो. दोष ड्राइव्हचा की भोवतालच्या यंत्राचा, हे आधी ठरवायचे होते. ड्राइव्ह एका डबीत बसवून, यू.एस.बी.ची तार लावून, मित्राच्या लॅपटॉपला जोडला. तेच रडगाणे. म्हणजे माझा लॅपटॉप निर्दोष सुटला. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून पाहिले, कारण विंडोज ज्या ड्राइव्हवरून चालू असते तो ड्राइव्ह त्याला स्वतःला पुसता येत नाही. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालत नाही. तेथेही नकार. कधी कधी 'फक्त वाचा' अशी खूण नुसती संगणकाने लावलेली असते, ती आज्ञा देऊन काढता येते. आम्ही काढली, तिचा काही उपयोग झाला नाही. शेवटी ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवतो, जिला 'स्मार्ट' म्हणतात, ती उघडली. राखीव जागा संपली, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते!

याचा अर्थ मित्राने मला समजावला तो असा. आताच्या या एस.एस.डी.मध्ये फिरणारी तबकडी नसते. फ्लॅश नावाच्या चिपांत सूक्ष्म कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत विजेचे कण कोंडून मजकूर ठेवतात. जपानमधील तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका हे या फ्लॅशचे जनक. आजच्या ड्राइव्हमध्ये असते ती नँड नावाची जात त्यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. प्रत्येक वेळी लिहिताना-पुसताना कप्प्याभोवतीचे पातळ आवरण थोडे झिजते. नेहमीच्या स्वस्त ड्राइव्हमधला कप्पा हजार ते तीन हजार वेळा असे सोसतो. काही कप्पे राखीव असतात, झिजलेल्यांच्या जागी ते उभे राहतात. राखीव संपले की पुष्कळ ड्राइव्हचा आतला नियंत्रक दार लावून घेतो. आता नवे काही घेणार नाही. आहे ते वाचून न्या. सगळेच ड्राइव्ह एवढी सभ्यता दाखवत नाहीत. काही एकदम मुके होतात.

माझे सगळे म्हणणे येथे अडकले आहे. दुरुस्ती करणारा कोणताही प्रोग्राम शेवटी ड्राइव्हवर काहीतरी लिहीतच असतो. जो लिहूनच घेत नाही त्याची दुरुस्ती कशी होणार? आणि जो धडधाकट नाही, तरी अजून लिहून घेतो आहे, त्याच्यावर दुरुस्ती चालवणे म्हणजे उरलेसुरले पणाला लावणे. तरीही आपण सारे आधी 'रिपेअर' म्हणतो, मग 'फॉर्मॅट' म्हणतो आणि सगळे हरल्यावर 'अरे, आतले काही निघेल का?' असे विचारतो. हा क्रम नेमका उलटा हवा. दुकानाच्या काउंटरवर पहिला प्रश्न 'आत काय आहे?' हा असायला हवा, आणि तो आपणच उच्चारायला हवा.

आम्ही नवी बाहेरची डिस्क आणली. ओव्या सर्वांत आधी, मग फोटो, मग बाकीचे, असे उतरवले. त्यानंतर डी.डी.रेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने अख्ख्या ड्राइव्हची नक्कल घेतली. हा प्रोग्राम मोठा समंजस आहे. सुखाने वाचता येईल तेवढे आधी उचलतो, नडलेल्या जागा टिपून पुढे जातो आणि सवडीने त्यांच्याकडे परत येतो. रात्री दोनदा वीज गेली, तेव्हा माझाच जीव गेला होता. आजीच्या फायली आल्या. शेजारच्या एका काकींची ओवी मात्र मध्येच तुटते. लेकीचे नाव घेता घेता आवाज थांबतो. काकी अजून आहेत, पण ती ओवी आता आठवत नाही म्हणतात.

ती तुटलेली फाईल ऐकताना मला आमच्या पोलादपूरची आठवण झाली. कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. येता-जाता आपण तिच्याजवळून जातो. त्यांनी शिवरायांवर रचलेले संस्कृत 'शिवभारत' आज जेवढे मिळते त्यात एकतीस अध्याय पूर्ण आहेत आणि बत्तिसाव्याचे नऊ श्लोक. तेथे ते थांबते. आणि हेही आपल्यापर्यंत आले ते कोठून? दूर तंजावरला कोणीतरी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतीवरून. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली छापून काढले. आमच्या डोंगराजवळच्या कवीचा ग्रंथ कावेरीच्या काठी जपला गेला! नकलाकारांना आपण कारकून समजतो. त्यांच्यावाचून इतिहास विभागाचा निम्मा अभ्यासक्रम कोरा राहिला असता.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, क्लाउडवर टाकावे. जरूर टाकावे. पण आमच्या वाडीत रेंजसाठी देवळाच्या चौथऱ्यावर उभे राहावे लागते आणि फुकटची जागा भरली की तेथेही दार बंद. शिवाय आपल्या महाविद्यालयात दरवर्षी प्रकल्पांची छापील चोपडी तेवढी जमा करून घेतात. मुलाखती, ध्वनिफिती, फोटो विद्यार्थ्याच्या लॅपटॉपबरोबर जगतात आणि मरतात. ग्रंथालयात एक कपाट आणि त्यात दोन डिस्क, एवढीच माझी मागणी आहे. त्यातली एक डिस्क वरच्या मजल्यावर ठेवावी. का ते महाडकरांना सांगायला नको.

आता राहिला तो हट्टी ड्राइव्ह. वाडीतल्या लोकांचे शिष्यवृत्तीचे, सात-बाराचे अर्ज मी त्या लॅपटॉपवर भरत असे. म्हणजे पन्नासेक माणसांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे फोटो त्यात आहेत, आणि ते पुसता येत नाहीत. कुलूप लावण्याची जी सोय असते, बिटलॉकर वगैरे, ती मी कधी लावली नव्हती; लावली असती तर किल्ली ठेवली नाही की आतला मजकूर कोणाच्याही हाती निरर्थक ठरला असता. आता उपाय एकच. झाकण काढून आतली एकेक काळी चिप फोडायची. नुसता वरून हातोडा मारून भागत नाही, चिप शाबूत राहिली तर मजकूरही शाबूत राहतो. भंगारवाल्याला तो तसाच देणे म्हणजे लोकांनी विश्वासाने दिलेले कागद रस्त्यावर टाकणे.

सारे कळते. हातोडीही घरात आहे. आजीचा आवाज आता तीन ठिकाणी सुखरूप आहे, हेही मला ठाऊक आहे. तरी गेल्या रविवारी ड्राइव्ह पाट्यावर ठेवून बसलो तेव्हा आई आतून म्हणाली, "तिचं मूळ बोलणं त्याच्यातच हाय ना?" मी तो पुन्हा कागदात गुंडाळला आणि फडताळात ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत फोडीन म्हणतो.