उत्तरं जुळवू द्या की पोरांना!

"झाला तो पेपर गेला. आता पुढच्याचं बघ, उत्तरं जुळवत बसू नकोस."

गणिताच्या पेपरनंतर हे वाक्य ऐकलं नाही असा एक मराठी पोरगा शोधून दाखवा. गेटबाहेर गाडी चालू ठेवून उभे असलेले बाबा म्हणतात, क्लासचे सर म्हणतात, आणि शेवटचं गणित कधी सोडवलं हे ज्यांना आठवत नाही ते शेजारचे काकाही म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे, आणि हल्लीच्या परीक्षांत तर धोक्याचा आहे.

पहिली गोष्ट, गणित खरं शिकलं जातं ते या भांडणातच. आमच्या प्रिलिमनंतर नगरला माळीवाडा स्टँडवर दोन मित्रांची चहा थंड होईपर्यंत जुंपली होती. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. एकाचं उत्तर साइन वर्ग एक्स भागिले दोन, दुसऱ्याचं उणे कॉस वर्ग एक्स भागिले दोन. दोघंही एकमेकांना येडा म्हणत होते. शेवटी तिसऱ्यानं पेपरच्या मागच्या बाजूला एकातून दुसरं वजा केलं. उरला फक्त अर्धा! म्हणजे दोन्ही बरोबर, फरक काय तो कॉन्स्टंटचा. मार्क जाऊ नये म्हणून वर्षभर शेपटीसारखा लावलेला तो 'अधिक सी' कशासाठी असतो, हे आम्हाला त्या बाकड्यावर कळलं. वर्गात नाही.

बरं, ते झालं शिकण्याचं. आता मार्कांचं बोलू.

२०२५ ची एमएचटी-सीईटी आठवतेय? २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला इंग्रजी पेपरात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले. प्रश्नाला २ मार्क, म्हणजे १०० पैकी ४२ मार्कांचा बट्ट्याबोळ. आता विचार करा, आत एकट्या बसलेल्या पोराला काय वाटणार? आपलंच चुकतंय! तो बिचारा परत सोडवतो, परत तेच उत्तर, परत पर्यायात नाही. ९० मिनिटं अशीच संपतात. बाहेर येऊन "तुझं पण उत्तर पर्यायात नव्हतं का रे?" असं विचारल्याशिवाय त्याला कळणार कसं, की गाढवपणा पेपर काढणाऱ्यांचा आहे? मुलांनी, पालकांनी तक्रारी केल्या, तेव्हा सीईटी सेलनं चूक मान्य केली आणि ५ मेला सुमारे २७ हजार मुलांची परीक्षा पुन्हा घेतली. सगळे शहाण्या बाळासारखे घरी जाऊन झोपले असते तर?

आमच्या धंद्यात चार ओळींचा कोडसुद्धा दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. इथे पोराचं कॉलेज ठरतंय, आणि त्याला म्हणायचं, तपासू नकोस!

"पण मुलं खचतात हो." मान्य. उद्या फिजिक्सचा पेपर असेल तर आज रात्रभर गणिताची उत्तरं चघळू नयेत. पण सीईटीला उद्याचा पेपर कुठे असतो? फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स सगळं एकाच बैठकीत उरकतं. तिथे हा सल्ला कशाच्या जोरावर देता?

आणि जुळवणं अवघड करून ठेवलंय ते वेगळंच. २०१९ पासून ही परीक्षा कॉम्प्युटरवर, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते. सकाळच्या पोराचा पेपर वेगळा, दुपारच्याचा वेगळा, आणि शेवटी हातात येतं ते पर्सेंटाइल. २७ हजारांच्या शिफ्टमध्ये एक पर्सेंटाइल म्हणजे २७० मुलं. दोन मार्कांच्या एका प्रश्नाला किती किंमत आहे बघा. बाहेर पडताना हातात प्रश्नपत्रिका नसते, सगळं आठवणीवर. नंतर लॉगिनमध्ये पेपर दिसतो, तोवर कित्येक दिवस उलटलेले. त्यावर आक्षेप घ्यायचा तर प्रश्नामागे १००० रुपये, तेही ना-परतावा! (जेईई मेनला हेच २०० रुपयांत होतं.) अकोले-पारनेरकडच्या शेतकऱ्याच्या पोराला तीन प्रश्नांवर शंका असेल तर तीन हजार. तो गप्पच बसणार.

गंमत म्हणजे उत्तरं जुळवू नका म्हणणारे क्लासवालेच शिफ्ट सुटल्यावर दोन तासांत यूट्यूबवर 'पेपर ॲनालिसिस' टाकतात. धंद्यासाठी जुळवलेलं चालतं तर! काही थोर लोकांना तर पेपरनंतरपर्यंतही धीर धरवत नाही. मार्च २०२३ मध्ये बारावीच्या गणिताचा पेपर फुटला, आणि तपास करत मुंबईची गुन्हे शाखा आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजपर्यंत पोचली. अटक झाली ती शिकवणाऱ्यांना. आरोप काय, तर पेपर मुलांपर्यंत आधीच पोचवल्याचा. आणि उपदेश कुणाला? गेटबाहेर प्रामाणिकपणे भांडणाऱ्या पोरांना.

मला विचाराल तर सीईटी सेलनं शिफ्ट संपल्याच्या संध्याकाळीच ज्याला त्याला त्याची प्रश्नपत्रिका लॉगिनमध्ये उघडून द्यावी. आक्षेपाची फी शंभरावर आणावी, आणि आक्षेप बरोबर ठरला तर ती व्याजासकट परत करावी. आणि पालकांनो, गाडी बंद करा. दहा मिनिटं थांबा. पोरगा तिकडे चौघांत उभा राहून काहीतरी तावातावानं सांगतोय, त्याचं होऊ द्या.