आईच्या ताटात मासळी कधी येणार?

नवजात बाळाची रोगप्रतिकारशक्ती आईच्या ताटापासूनच घडू लागते. मेक्सिकोतील एका चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. गरोदरपणी रोज 400 मिलिग्रॅम डीएचए घेतलेल्या मातांच्या बाळांना पहिल्या महिन्यात सर्दीचा त्रास कमी झाला. डीएचए हा मासळीत आढळणारा स्निग्ध घटक. जवस खाऊन तो शरीरात थोडाच तयार होतो. आपल्याकडे 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेसाठी 600 कॅलरी, 18 ते 20 ग्रॅम प्रथिने ठरवली. स्निग्धांशाचे काय? त्या वेळच्या अनुसूचीत त्याचा उल्लेखही नव्हता! लोकांचे पोषणमान उंचावणे हे संविधानाच्या कलम 47 नुसार शासनाचे कर्तव्य आहे. मोलमजुरी करणाऱ्या आईने रोज मासळी कोठून आणावी? अंगणवाडीच्या आहारात मासळी व अंडी हक्काने मिळालीच पाहिजेत, ही आमची मागणी आहे.