पदवीचे नाव आणि पदवीचा अभ्यास

एच. एस. सी.चा निकाल हाती आला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते : आता पुढे कुठे? अलीकडे मुलेमुली व्यवस्थापनशास्त्र व संख्यात्मक पद्धती या विषयाचे नाव घेऊ लागली आहेत. आईवडील खूष होतात. त्यांना वाटते, पोर मॅनेजर होऊन खुर्चीत बसणार. हा गैरसमज आधी दूर व्हावा.

हा विषय मुळात गणिताचा आहे. उदाहरण आपल्या उसाचेच घ्या. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकी त्यातील साखर घटते. मग कोणते शेत कोणत्या दिवशी तोडावे, किती लॉऱ्या लावाव्यात, कोणता ऊस कोणत्या कारखान्याला पाठवावा? आपल्या आजोबांच्या काळी मळ्यावरचा सरदार हे अनुभवाने ठरवी. असे प्रश्न समीकरणांत मांडून सोडविण्याची रीत जॉर्ज डॅन्टझिग यांनी १९४७ साली दिली. आज ती संगणकावर चालते. कारखान्याच्या दारात लागणाऱ्या लॉऱ्यांच्या रांगेचे गणित वेगळे, पण तेही याच विषयात येते. ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्याने या वाटेस जाऊ नये, हेच बरे.

म्हणून कॉलेज निवडताना इमारतीचे फोटो पाहू नका, अभ्यासक्रम मागवा. संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय नियोजन, संगणकाची भाषा हे विषय किती आहेत? शेवटच्या वर्षी एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करावयाचे आहे काय? तीन वर्षांत संख्याशास्त्राचा एकच पेपर असेल तर ती साधी वाणिज्याची पदवी समजावी, नाव कितीही भारदस्त असो. उलट ऑपरेशन्स रिसर्च किंवा बिझनेस ॲनालिटिक्स या नावाखाली हाच अभ्यास मिळू शकतो.

पैशाचा प्रश्न नाजूक आहे. १९६५ साली स्थापन झालेले रेद्वीचे विद्यापीठ आपल्या दाराशी आहे, आणि सरकारी संस्थांत पहिल्या पदवीची फी जानेवारी २०१९ पासून माफ आहे. येथे गणिताची किंवा संख्याशास्त्राची पक्की पदवी घेऊन पुढच्या पदवीसाठी बाहेर जाणे, ही वाट आम्हाला जमीन विकण्यापेक्षा शहाणपणाची वाटते. भारतात जावयाचे असेल तर भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी करावी. महालनोबीस यांनी १९३१ साली काढलेली कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या विद्येचे मोठे घर आहे, मात्र तिची प्रवेशपरीक्षा कठीण असते.

आणखी एक. मुलासाठी कर्ज काढून लंडन आणि मुलीसाठी ‘जवळचे ते बरे’, असा हिशेब काही घरांत होतो. गणितात मार्क कोणाचे जास्त, हे तरी आधी पाहावे.

परदेशी संस्थेची पदवी येथे मान्य आहे की नाही, हे एजंटाच्या तोंडी भरवशावर सोडू नये. हायर एज्युकेशन कमिशनकडे स्वतः चौकशी करावी, उत्तर लेखी घ्यावे, आणि मगच पहिला हप्ता भरावा.