आधी घर, मग स्मारक

कतारमधल्या अल रय्यानच्या एज्युकेशन सिटीत 28 नोव्हेंबर 2025 रोजी एक संग्रहालय उघडले आणि त्यानिमित्ताने पंढरपूरचे नाव जगभरच्या कलाविषयक बातम्यांत झळकले. ‘लौह वा कलम’ हे संग्रहालय 1915 साली पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन या एकाच चित्रकाराला वाहिलेले आहे. हुसेन यांनीच काढून ठेवलेल्या रेखाटनावरून वास्तुविशारद मार्तंड खोसला यांनी तीन हजार चौरस मीटरहून मोठी ही निळी वास्तू उभी केली. आत दीडशेच्या वर कलाकृती आहेत. या बातमीने मराठी माणसाला अभिमानही वाटला आणि हळहळही. आपल्या मातीतला माणूस केवढा मोठा, हा अभिमान. आणि त्याचे संग्रहालय व्हायला वाळवंट गाठावे लागले, ही हळहळ. दोन्हींचा शेवट मात्र एकाच मागणीत होतो: आपल्याकडेही असेच भव्य स्मारक व्हायला हवे. या मागणीतच आपली चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. कलावंत जिथे राहिला, शिकला, झगडला ती साधी जागा राखणे हे पहिले काम. ते न करता उभारलेले स्मारक कितीही देखणे असो, ते पोरकेच राहते.

अल रय्यानच्या संग्रहालयाला कमी लेखण्याचे कारण नाही. कतारच्या शेखा मोझा यांनी हुसेन यांना अरब संस्कृतीवरची चित्रमालिका काढायला सांगितली, ती पाहायची तर इथेच यावे लागते. शेजारच्या दालनात ‘सीरू फी अल अर्द’ ही त्यांची हलती-फिरती रचना आहे. मुरानोच्या काचेचे घोडे, जुन्या मोटारी आणि नवव्या शतकात उडण्याचा प्रयत्न करणारा अब्बास इब्न फिर्नास असा सगळा पसारा त्यात एकत्र आला आहे. नव्वदी ओलांडलेल्या माणसाची ही हौस थक्क करते. पण ज्या हुसेनने हे केले, तो घडला कुठे? आई तान्हेपणीच गेली, बालपण इंदूरला गेले, मग मुंबईत सिनेमाची भलीमोठी पोस्टरे रंगवणे आणि एका दुकानासाठी मुलांची खेळणी-फर्निचर सजवणे यावर पोट चालले. 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत ते उभे राहिले, ते या सगळ्या उमेदवारीनंतर. ही माहिती भिंतीवरच्या चार परिच्छेदांत मावते. पण ज्याला घरात चित्र पसरायला जागा नव्हती त्याचा हात एवढ्या मोठ्या आकाराला कसा सरावला, हे वातानुकूलित दालनात उमजत नाही. त्याला मुंबईची गल्ली लागते, त्या गल्लीतली खोली लागते. कलाकृती विमानाने नेता येते. परिस्थिती नेता येत नाही.

परिस्थिती राखून ठेवण्याचे काम छोटी घरे किती नेमकेपणाने करतात, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या ब्लूज आणि जॅझ गायक-वादकांच्या घरांकडे पाहावे. ब्लूज हे गुलामांच्या मुला-नातवंडांचे, शेतमजुरांचे गाणे. ते गाणाऱ्यांकडे वाडेहवेल्या नव्हत्या. जॉर्जियातल्या कोलंबस गावात मा रेनी या ‘ब्लूजच्या आई’चे साधे दुमजली घर आहे. तिने तंबूंतून, रंगमंचांवरून हजारोंना गाणे ऐकवले, डझनावारी रेकॉर्ड केल्या. 1939 साली ती गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय म्हणून घरकाम लिहिले गेले. आज तेच घर संग्रहालय म्हणून तिचा खरा व्यवसाय जगाला सांगते. शिकागोत मडी वॉटर्सच्या घराच्या तळघरात तालमी चालत, बाहेरगावचे वादक तिथेच मुक्कामाला असत. याच घरावर पुढे महापालिकेने धोकादायक इमारत म्हणून लाल फुली मारली होती. कुटुंबीयांनी आणि वारसाप्रेमींनी ते लावून धरले आणि 2021 मध्ये त्याच शहराने त्याला अधिकृत वारसावास्तू ठरवले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधले लुई आर्मस्ट्राँगचे घर तर चारचौघांसारख्या वस्तीत आहे. स्वयंपाकघरात फिरोजी रंगाची कपाटे आणि अभ्यासिकेत टेपरेकॉर्डर, ज्यांवर तो घरातल्या गप्पासुद्धा टिपून ठेवी. जगभर फिरणारा हा माणूस श्रीमंतांच्या वस्तीत का गेला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या गल्लीत उभे राहिल्यावर मिळते. पुतळ्याला असा प्रश्नच कोणी विचारत नाही.

पैशाला तोटा नसलेल्या कतारलाही हे कळले आहे. दोहाच्या मुशैरिब भागात 2015 पासून चार जुनी घरे संग्रहालये म्हणून उघडी आहेत. त्यातले बिन जलमूद हे घर एका गुलामांच्या व्यापाऱ्याचे. कतारने गुलामी कायद्याने बंद केली ती 1952 साली, म्हणजे आजच्या आजोबांच्या हयातीत. आणि हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापाराची कहाणी त्याच व्यापाऱ्याच्या घरात सांगितली जाते. दुसरे ‘कंपनी हाउस’. तेल कंपनीचे हे जुने कार्यालय आता तेलविहिरींवर राबलेल्या पहिल्या कामगारांविषयी बोलते. भोवतालचा जुना मोहल्ला पाडून तिथे नवे शहर वसवले गेले, हेही खरे. तरीही ही चार घरे मुद्दाम ठेवली, कारण नव्या इमारतीला कितीही पैसा ओतला तरी साक्षीदार होता येत नाही. अल रय्यानच्या निळ्या वास्तूचे कौतुक करताना दोहातली ही घरे विसरली तर आपण कतारकडून अर्धाच धडा घेतला असे होईल.

आपल्याला घरे राखता येत नाहीत, असे मात्र नाही. पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा, मुंबईतले मणिभवन, दादरचे राजगृह ही घरे लाखो लोकांनी पाहिली आहेत. बाबासाहेब 1921-22 मध्ये लंडनमधल्या ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी त्याचे उद्घाटनही झाले. त्याच वर्षी इंदू मिलच्या जागेवरच्या भव्य स्मारकाचे भूमिपूजन झाले. दहा वर्षांनंतरही तिथले काम सुरूच होते. बाबासाहेबांविषयीचा आदर दोन्हीकडे तोच, सरकार तेच, फरक कामाच्या आवाक्याचा. साहित्यातही रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचे घर राखून 1994 मध्ये स्मारक उभे केले. एका साहित्यसंस्थेच्या चिकाटीने ते झाले. उलट घाटकोपरच्या चिरागनगरात, जिथल्या झोपडीत अण्णा भाऊ साठे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली, तिथल्या स्मारकाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. आमच्या शाहिरांपैकी ब्लूजच्या सर्वात जवळचा कोणी असेल तर तो हाच. पण त्याची झोपडी झोपडी म्हणून राखावी, हे आपल्याला सुचत नाही. झोपडीच्या जागी काय बांधायचे, एवढेच सुचते.

गायक-वादकांच्या बाबतीत ही उपेक्षा आणखी खोल आहे, आणि तिचे कारण केवळ पैसा नाही. आपल्या संगीतातल्या कितीतरी थोर स्त्रिया ज्या घरांतून आल्या, त्या घरांची समाजाला लाज वाटत असे. केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या; दोघी कलावंत समाजातल्या, दोघी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली, याचे आपण कौतुक करतो. ती भैरवी ज्या समाजाने जपली, त्याला गावात कुठे बसवले जाई, हे मात्र कोणी सांगत नाही. कुर्डी तर साळावली धरणात बुडाले. मे महिन्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात, विखुरलेले गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, आणि त्या अवशेषांत मोगूबाईंच्या घराच्या खुणाही दाखवल्या जातात. सभागृहाला बाईंचे नाव देणे सोपे, कारण नावाला भूतकाळ चिकटत नाही. घर राखायचे म्हटले की जात, आश्रयदाते, लग्नाविना वाढवलेली मुले, शिकवणीसाठी सोसलेले अपमान, सगळे सांगावे लागते. मा रेनीचे घर हे सगळे सांगते. आपण गाणे घेतो आणि गाणारीचा पत्ता पुसून टाकतो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असणार, आणि तो रास्त आहे. गावात पाण्याची बोंब असताना गवयाचे घर राखायला पैसा कुठून आणायचा? पण हा प्रश्न भव्य स्मारकाला विचारायला हवा. दोन खोल्या, वीजबिल, पावसाळ्याआधी कौले चाळणे आणि एक जाणता माणूस, एवढ्यावर घर चालते. अवघड आहे ते सातत्य. धारवाडला गंगूबाई हनगल यांच्या जन्मघराचे सरकारने स्मारक केले, पण देखभालीअभावी त्याचीही पडझड झाली. म्हणून पहिल्या दिवसाच्या खर्चापेक्षा दरवर्षीच्या खर्चाची तरतूद आधी हवी. दुसरा आक्षेप वारसांचा. वाराणसीत 2020 मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या घराचा काही भाग पाडायला कुटुंबातूनच सुरुवात झाली आणि देशभर ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी कितीजण त्या घराची डागडुजी करायला पुढे आले होते? वाढत्या कुटुंबाला जागा हवी असते; तिला पर्याय न देता त्याग मागणे हा अन्याय आहे. मुंबईत वारसावास्तूच्या मालकाला चटईक्षेत्राचा हक्क दुसरीकडे वापरता येतो. तशी भरपाई लहान शहरांतल्या घरांनाही मिळावी. जिथे इमारत वाचणार नाही, तिथे पुनर्विकासात निदान ती एक खोली, तिचा दरवाजा, तिच्या मापासह राखण्याची अट घालता येते.

तिसरा आक्षेप थेट हुसेन यांच्याविषयी आहे. देवतांच्या ज्या चित्रांनी अनेकांची मने दुखावली, त्यांच्या कर्त्याची आठवण पंढरपूरने का ठेवावी? दुखावलेली मने खोटी नव्हती. पण दिल्ली उच्च न्यायालयाने 2008 मध्ये त्यांच्यावरचे खटले रद्द केले आणि 2010 मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले, हेही खोटे नाही. घर राखणे म्हणजे हार घालणे, अशी आपली समजूत आहे, म्हणून हा आक्षेप बळकट वाटतो. दोहात गुलामांच्या व्यापाऱ्याचे घर राखले ते त्याच्या गौरवासाठी नव्हे. पुतळा नमस्कार मागतो. घर फक्त पाहायला सांगते. हुसेन यांचा वाद त्यांच्या जन्मगावी, दोन्ही बाजूंनी, कागदपत्रांसह मांडता येईल, आणि विठ्ठलाच्या वारीला येणारा माणूस तो समजून घेण्याइतका सुज्ञ आहे. चौथा आक्षेप असा की अल रय्यानचे संग्रहालय हा श्रीमंत राजवटीचा प्रतिमासंवर्धनाचा खेळ आहे. तिच्या स्वतःच्या देशात अभिव्यक्तीला मर्यादा आहेत. हे मान्य. पण म्हणूनच त्या खेळात उतरून आपण त्याहून मोठी वास्तू बांधायला निघू नये. त्यात आपण हरूच, आणि जिंकलो तरी हाती दुसरा एक निळा महाल येईल.

सुरुवात साधी आहे. पुणे महापालिकेने थोरांच्या घरांवर निळे फलक लावले. तसे ते प्रत्येक नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने लावावेत, आणि त्या यादीत गवई, तबलजी, शाहीर, लावणीवाल्या, चित्रकार यांना पुढाऱ्यांच्या बरोबरीने जागा द्यावी. फलकाआधी घराची मोजमापे, छायाचित्रे आणि शेजारपाजारच्या वयस्कर माणसांच्या मुलाखती नोंदवून ठेवाव्यात. घर उद्या पडले तरी नोंद राहील. कुटुंबाची तयारी असेल तिथे आठवड्यातून एक दिवस घर उघडे ठेवावे आणि शाळांनी तिथे मुले न्यावीत. त्याच खोलीत महिन्यातून एक बैठक व्हावी. पन्नास माणसांत गाणे कसे ऐकले जाई, हे मुलांच्या कानांना तिथेच कळेल. यातल्या एकाही गोष्टीसाठी मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. कलावंतांच्या स्मारकासाठी यापुढे निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला सरकारने एकच अट घालावी: त्याचे राहते घर कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि ते राखण्यासाठी काय केले, याचा अहवाल आधी जोडा. ज्या प्रस्तावाला तो जोडता येणार नाही, त्याचा निधी आधी त्या घराकडे वळवावा.