आधी ओल बघा, मग फळी चिकटवा

बंगळूरला बेळ्ळंदूरच्या बाजूला फ्लॅट घेतला, की निदान बेडरूममध्ये तरी सागवानी फरशी हवी, असा हट्ट घरात कुणीतरी धरतोच. हट्ट वाईट नाही. अस्सल लाकूड पायाला उबदार लागते आणि खराब झाले तर घासून पुन्हा पॉलिश करता येते. लॅमिनेटच्या नशिबी ते सुख नाही. पण गमने कोब्यावर चिकटवलेली फळी धडपणे परत निघत नाही. म्हणून हजारो रुपये मोजण्यापूर्वी थोडा धीर धरावा.

बहुतेक जण चौकशी करतात ती लाकडाची. खरा प्रश्न असतो ओलीचा. फळी दमट हवेत रुंदीला फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. बंगळूरचा फेब्रुवारी-मार्च कोरडा. पुढे जून ते ऑक्टोबर पाऊस. मार्चमध्ये भिंतीला टेकवून बसवलेली फरशी पावसाळ्यात मधूनच उचलली जाते. यासाठी भिंतीलगत चारही बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर फट सोडतात. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. सुतार ‘फट कशाला?’ म्हणाला, तरी ऐकू नये! फळ्याही आणल्या आणल्या लावू नयेत. आठवडाभर त्याच खोलीत ठेवाव्यात.

कोबा नवा असेल, तर इंचभर जाडीला महिनाभर वाळू द्यावा, असा ढोबळ हिशेब आहे. नंतर दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवावे. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर काम पुढे ढकलावे. खालच्या जुन्या लाद्या ठोकून पाहाव्यात. पोकळ वाजणारी लादी आधी काढावी.

तळमजल्यावर तर हा बेत सोडलेलाच बरा. सप्टेंबर २०२२ च्या पावसात बेळ्ळंदूर परिसरातल्या घरांत पाणी शिरले होते. लाद्या धुऊन निघतात, पाण्यात बुडालेले लाकूड वाकडे होते.

आता गम. फर्निचरचा नेहमीचा पांढरा गम इथे चालत नाही; त्यातल्या पाण्यानेच फळी फुगते. वाळल्यावरही थोडा लवचीक राहणारा, लाकडी फरशीसाठीचा पॉलियुरेथेन गम घ्यावा. तो दातेरी थापीने, हात पोचेल तेवढ्याच भागावर पसरावा. सागाला अंगचे तेल असते, त्यामुळे चिकटवायची बाजू आधी अॅसिटोनने पुसतात. त्या वेळी खिडक्या उघड्या आणि देवघरातला दिवा विझलेला हवा. सांडलेला गम ओला असतानाच पुसावा. निदान दिवसभर त्या खोलीत कुणी पाऊल टाकू नये, मुलांनी तर नाहीच.

आणि कामवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगावे, की या खोलीत बादली आणायची नाही; फडके घट्ट पिळूनच फिरवायचे. सासूबाईंना मात्र हे ज्याने हट्ट धरला त्यानेच समजवावे.