सव्वा रुपयाचा टोमॅटो, साडेसहाशेची ताटली



मुंबईच्या कामासाठी आम्ही चौघे दहिसरला एका पाहुण्याकडे मुक्कामाला होतो. त्यांचा मुलगा चांगल्या नोकरीत. "काका, आज इटालियन खाऊ," म्हणाला आणि घेऊन गेला. आत अंधूक उजेड, मेजावर मेणबत्त्या, मंद गाणे. वातावरण झकास, खोटे कशाला बोला? टोमॅटोच्या रश्शातला पास्ताही चवदार होता. मग बिल आले. ताटलीला साडेसहाशे रुपये, वर पाच टक्के जीएसटी.

आमच्यातला एकजण पिंपळगाव बसवंतला टोमॅटो घालतो. त्याने कागदी रुमालावर हिशेब मांडला. ताटलीत टोमॅटो फार तर पाव किलो. जुलै २०२३ च्या तेजीत वीस किलोचे क्रेट दोन हजारांवर गेले होते. त्या भावानेही पाव किलोचे झाले पंचवीस रुपये. सप्टेंबरात तेच क्रेट नव्वदवर आले. म्हणजे पाव किलोला सव्वा रुपयासुद्धा नाही! आणि याच ताटलीवर सरकारचा जीएसटी साडेबत्तीस रुपये. तेजीतल्या टोमॅटोपेक्षाही जास्त.

आमचे भांडण हॉटेलवाल्याशी नाही. त्याला जागेचे भाडे आहे, आचारी आहे. तो खर्च धरून भाव लावतो. परवडेल तो खातो. पास्ता महागला म्हणून दिल्लीने कधी स्वस्त पास्त्याच्या गाड्या रस्त्यावर उभ्या केल्या नाहीत. टोमॅटोच्या मात्र केल्या. जुलै २०२३ मध्ये नव्वद रुपये किलोने सरकारी विक्री सुरू झाली, मग भाव आणखी उतरवला. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयात जाहीर झाली. सप्टेंबरात भाव कोसळला तेव्हा ही तत्परता कुठे गेली?

हे सारे म्हणे गरिबासाठी. दहिसर नदीकाठच्या झोपडीतल्या बाईला महागाई चटका देते, हे आम्हाला ठाऊक आहे. तिला सरकारने तिजोरीतून मदत द्यावी. तिचे नाव पुढे करून मेणबत्तीखाली जेवणाऱ्याचाही टोमॅटो आमच्या खिशातून स्वस्त करणे, ही लूट आहे.

आता ज्या इटलीच्या नावावर हे साडेसहाशे घेतले, तिथले पाहा. टोमॅटो मूळचा त्यांचाही नाही, अमेरिकेतून आलेला. तरी नेपल्सजवळच्या सान मार्झानो टोमॅटोच्या नावाला १९९६ साली युरोपात कायद्याचे संरक्षण मिळाले. डब्यात भरून तो जगभर जातो. युरोपचे सामायिक कृषी धोरण १९६२ पासून शेतकऱ्याच्या पाठीशी आहे. आमच्या पाठीशी काय? आयात, निर्यातबंदी आणि उलटी पट्टी.

परतताना दहिसर नाका लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे हलक्या मोटारींना टोल माफ झाला. मालट्रकांना झाला नाही. जेवायला जाणारा फुकट, जेवण आणणारा पैसे मोजून!

आम्हाला कोणाची ताटली हिसकावायची नाही. हॉटेलवाल्याला जे स्वातंत्र्य आहे, तेच आम्हाला हवे. तेजीत आमचा भाव पाडू नका. मंदीत आम्ही दारात भीक मागायला येणार नाही.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपली पट्टी आणावी. साडेसहाशेच्या बिलाशेजारी ती लावू आणि सरकारला विचारू : यातले आमचे किती?